शून्य त्रुटी

सोहारमध्ये डिसेंबर म्हणजे खिडकी उघडता येण्याचे दिवस.
बंदराकडचा वारा वितळलेल्या धातूचा वास घेऊन येतो
आणि टेबलावरचे फॉर्म उडवतो.
मी त्यांच्यावर पाचशे ग्रॅमची वजनं ठेवलीत.

भौतिकशास्त्र, पहिलं वर्ष, तीन तुकड्या,
शिक्षकांविषयी एकशे अठ्ठ्याऐंशी मतं.
खरं तर हे लॅबवालीचं काम नाही,
पण ऑफिसातली शमसा बाळंतपणाच्या रजेवर आहे
आणि डीनना वाटतं, जिला व्हर्नियर वाचता येतो
तिला पोरांचं अक्षरही लागेल.

लागतं.
'डॉ. ब्रेनन विनोद छान सांगतात. कळत नाहीत.'
'डॉ. ब्रेनन. पेपर सोपा. पाच.'
'मॅडम पद्मिनींचा फळा सुंदर, पुसायला जीव होत नाही,
त्या मात्र लगेच पुसतात.'

मग गिर्गिस सरांचा गठ्ठा.
'तासभर उतरण काढली. सगळे घसरलो.'
'घर्षण नगण्य धरा म्हणतात आणि आम्हालाच घासतात.'
'चौथ्या रांगेत आवाज पोहोचत नाही.'
'चौथ्या रांगेपर्यंत थुंकी पोहोचते.'
'आठ वाजून पाच मिनिटांनी दार लावतात. मी सहमहून येतो,
रस्त्याचं काम चालू आहे. त्यांना गाडीचा वेग काढता येतो,
माझ्या गाडीचा का नाही?'

एकीने मध्येच माझीही नोंद घेतलीय.
'लॅबची मिस दुरी पेन्सिलसुद्धा मोजून देते.'
धुरी. पण इथे ध कुणाच्या जिभेवर चढत नाही,
एकोणीस वर्षं मी पत्त्यांतली दुर्रीच आहे.
असू दे. हुकमाची असली तर दुर्रीसुद्धा एक्का मारते,
हे मालवणात आमच्या ओटीवर शिकले होते.

एका फॉर्मवर एकही आकडा नाही.
फक्त चित्र: टेबलामागे उभा माणूस, टक्कल अगदी हुबेहूब.
खाली बाण, वजन. वर बाण, टेकू. दोन्ही बरोबर.
आणि खांद्यावर आडवा तिसरा बाण,
त्याच्या टोकाशी प्रश्नचिन्ह.
एक्सेलमध्ये बाणाला रकाना नाही.
तो कागद मी स्प्रिंगांच्या खणात ठेवला.

मुलं प्रयोग करतात तेव्हा जीची किंमत
कधी साडेआठ येते, कधी अकरा,
आणि नऊ पूर्णांक आठ आली तर समजायचं, वही उतरवली.
आम्ही म्हणतो, चूक लिहा, किती कमीजास्त तेही लिहा.
मतांपुढे कमीजास्त कुणी लिहीत नाही.
मतं थेट सरासरीत पडतात.

गिर्गिस सरांची सरासरी दोन पूर्णांक नऊ.
तीनखाली गेलं की करार पुढे सरकत नाही,
करार अडला की व्हिसा, व्हिसा अडला की दोन मुलींची शाळा.
एकाच दोरीवरच्या कप्प्या.
तीन फॉर्मवर वरपासून खालपर्यंत नुसते एक, एक, एक,
पेन न उचलता ओढलेली रेघ, वाचलंही नसावं.
ते तीन बाजूला काढले तर आकडा तीनच्या वर जातो.
मी काढून पाहिलं.
पण नियम असा: अपूर्ण फॉर्म बाद.
आणि हे तीन तर पूर्ण होते.
मी टाकले.

दुपारी सर ताणकाटा परत द्यायला आले.
'काय म्हणतात माझी पोरं?'
'तुम्ही फार भरभर शिकवता म्हणतात.'
'छे. मी सावकाशच शिकवतो,' ते म्हणाले, 'तास लहान आहे.'
आणि दार न लावता गेले.

ताणकाटा खिळ्याला टांगला.
काही अडकवलेलं नसताना त्याचा काटा
पाव न्यूटन दाखवतो, घेतला त्या दिवसापासून.
दर बॅचला मी बजावते, आधी एवढं वजा करा.
आज फाइल पाठवल्यावर
मी बराच वेळ त्या काट्याकडे बघत होते.