तामलवाडीच्या अलीकडे

सात रस्त्याला पहाटे साडेपाचला
चहाचा गाडाही उघडलेला नसतो.
आम्ही नऊ जण, आणि एक कुत्रं
जे दर रविवारी नाक्यापर्यंत सोडायला येतं.

सोलापूरची थंडी म्हणजे दीड महिन्याची पाहुणी,
तिचे लाड करून घ्यावे लागतात.
उरलेलं वर्ष ऊनच आपल्यावर सायकल चालवतं.
म्हणून माकणीकर सर स्वेटरवर स्वेटर,
कानटोपी, वरून मुलीचा गुलाबी मफलर.
नदाफ मात्र अर्ध्या चड्डीत:
"बारा डिग्रीला थंडी म्हणतेत का बे?"
दात वाजतायत त्याचे,
तो म्हणतो, चेन सैल झालीय.

जर्सीवर 'सोलापुर' छापून आलं, पहिला उकार.
सरांनी एकेकाला उभं करून
काळ्या मार्करनं पाठीवर दुसरा काढला.
दोन धुण्यांत शाई गेली, चूक राहिली.
मी सगळ्यात मागं असते,
त्यामुळं आठही पाठी मला पाठ आहेत.

आठवी पाठ गुंडेटीची.
रात्रपाळी संपवून तो मागावरून थेट येतो,
केसांत कापसाची फुलं,
कानांत अजून कारखान्याचा खडखडाट,
म्हणून जरा मोठ्यानं बोलतो.
सायकल वडिलांची, लोखंडी, बिनगियरची,
पुढं दिवा बसवायची रिकामी कडी.

हिप्परग्याच्या तलावावर धुकं.
पाण्यात काळे ठिपके,
बदकं की पाणकावळे, हा वाद
गेल्या डिसेंबरपासून मिटलेला नाही.

तामलवाडीच्या अलीकडे गुंडेटी थांबला.
बाकीचे सात लाल दिवे
चढावर एकेक करून विझले.
मी थांबले. शेवटच्याला थांबावंच लागतं.

टायरच्या आतून तो बोटं फिरवत गेला,
डोळे मिटून.
"हजार धाग्यांतला तुटका एक हाताला लागतो मॅडम,
ह्यो तर बाभळीचा काटा."
काटा निघाला. पण गारठ्यात सोल्युशन वाळेना.
मी फुंकर घातली, काखेत धरलं,
बँकेत बावीस वर्षं नोटा मोजलेल्या हातांनी
ट्यूब चोळत बसले.

ज्वारीतून एक पोरगं आलं, गळ्यात गोफण.
काही न विचारता म्हणालं, "आगटी हाय की."
निखाऱ्यांवर धरलेली ट्यूब,
शेजारी भाजणारी कणसं,
रबराचा आणि हुरड्याचा
एकच वास झालेला.
शेंगाची चटणी त्यानं खिशातल्या कागदातून काढली.
आम्ही आधी खाल्लं. ठिगळ नंतर बसवलं.

हात पुसता पुसता मी बोलून गेले,
तुम्ही पण काय, धोट्यासारखे,
रात्रभर तिथं, सकाळी इथं, जा-ये, जा-ये.
तो हसला नाही.
"धोटा कुठं जातोय मॅडम?
ह्या पेटीतनं त्या पेटीत.
म्हणून तर रविवारी येतो."

बाकीचे परतताना भेटले, हाका मारून पुढं गेले.
आम्हीही वळलो, आणि वारा समोरून आला.
"माझ्या चाकाला चिकटून ऱ्हावा," तो ओरडला.
मी चिकटले. हातभर अंतर.
वारा एकदम गप्प,
जणू कुणी खिडकी लावून घेतली.
त्याच्या मानेवर कापसाचं एक फूल
सुटतंय, सुटत नाही.

हिप्परग्यापाशी त्यानं कोपर हलवलं,
बाजूला झाला, मागं सरकला.
आणि समोर कुणाचीच पाठ नव्हती.
नुसता रस्ता, उघडा, थेट नाक्यापर्यंत,
लांब गिरणीची थंड चिमणी,
आणि सगळाच्या सगळा वारा माझा.

डोळ्यांतून पाणी. मांड्या पेटलेल्या.
कितव्या वळणावर कोण जाणे,
मागून त्याचा कारखान्यातला आवाज:
"मॅडम, तुमचा दुसरा उकार
अजून हाय की!"

मी वळून पाहिलं नाही.
पायडल मारत राहिले.