अंगभर जीभ

बेल्झोनीच्या बाहेर, मिसिसिपीच्या सपाट पट्टीत
तळं क्रमांक अकरा.
पाणी इतकं गढूळ
की बोट बुडवलं तर नख दिसत नाही.

लव्हेलचा ट्रक अजून बांधाच्या वळणावर असतो,
तोवर तळाला कळलेलं असतं.
पोटातल्या फुग्यावर इंजिनाची घरघर वाजते,
इवल्या हाडांच्या साखळीवरून कानात उतरते.
डोळे आहेत कॅटफिशला,
पण शर्टाच्या वरच्या गुंडीसारखे,
असले तर असले.

मग पंख्यातून दाणे उडतात.
सोयाबीन, मका, चिमूटभर मासळीचं पीठ.
तरंगतात, फुगतात, कडेकडेनं विरघळतात,
आणि आठ मिशा
तोंडाच्या आधी जेवायला बसतात.
मिशांवर चव, ओठांवर चव,
पाठीवर, पोटावर,
शेपटीच्या टोकापर्यंत चव.

आमच्यात म्हणतात, जिभेला हाड नसतं.
ही जीभ तर सबंध काट्यांवर उभी.

मार्चात नवं खाद्य आलं, स्वस्तातलं.
मी वजन लिहिलं, वेळ लिहिली.
ते आले, मिशा टेकवल्या
आणि वळले,
आमटी बिघडलेल्या पंगतीतून
व्याही उठतात तसे,
एक शब्द न बोलता.

वहीत मी लिहिलं: प्रतिसाद कमी.
लव्हेल म्हणाला, "त्यांनाच विचारायचं होतं ना आधी."

त्याच दुपारी मी हात बुडवला, मनगटापर्यंत.
ओल्या दोऱ्यासारखं काही बोटांवरून फिरलं.
काय लागलं असेल त्याला?
सकाळच्या फोडणीतला हिंग,
पेनाची शाई,
घड्याळाच्या पट्ट्याखालचा घाम.
तेही वळलं.

शुक्रवारी एक मासा घेऊन कारखान्यात गेले.
ओडेल पिंक्स्टन, चव बघणारा,
बावीस वर्षं कामाआधी कॉफी घेतलेली नाही.
मीठ नाही, तेल नाही,
मायक्रोवेव्हमधला वाफाळता तुकडा.
हुंगतो. डोळे मिटून चघळतो. बादलीत थुंकतो.
"चिखल," म्हणतो. "अजून दोन आठवडे राहू दे."

एका माणसाच्या दोन इंच जिभेवर
अख्खं तळं वाचलं,
दोन आठवड्यांपुरतं.

परतताना वळणाच्या बऱ्याच अलीकडे
मी इंजिन बंद केलं.
हातात काही नव्हतं, उगाच आशा कशाला.
पायीच गेले बांधावरून, टाचा उचलून.

तरी पाणी
माझ्या बाजूला सरकलं.