सहा पॉइंट

म्हापशाच्या बाजारामागे, चवरिसांच्या माळा संपून
सुक्या मासळीचा वास सुरू होतो
तिथे आमची प्रेस.
मी लेबलं जुळवतो.
एकोणीस वर्षं पाकिटांच्या पाठीवर लिहीत आलोय,
एकही ओळ वाचल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.

पुढची बाजू गिऱ्हाईक आणतं:
हिरवा माड, निळा समुद्र,
'घरगुती' हा शब्द वळणदार पिवळ्यात.
मागे माझे घटक.
घटक म्हणजे हळू आवाजात बोलायची गोष्ट,
लग्नाच्या मांडवात कर्जाबद्दल बोलतात तशी.

पाम तेलाची किती नावं आहेत माझ्याकडे!
खाद्य वनस्पती तेल. वनस्पती स्निग्धांश. शॉर्टनिंग.
साबणावर सोडियम पामेट,
कुणा परदेशी पाहुण्यासारखं.
लहानपणी रेशनवर ते पामोलिन होतं.
आई डबा घेऊन रांगेत उभी राहायची,
थंडीत गोठलं की उन्हात ठेवायची.
गरिबाचं नाव होतं, पण होतं.
पुढे ते सुधारलं, बऱ्या वस्तीत राहायला गेलं
आणि आडनाव टाकून दिलं.

कालिंदी हरमलकर शिवोलीहून आली,
नारळाच्या बिस्किटांचं पाकीट. पाच हजार नग.
पुढे माड, नेहमीचाच, समुद्राकडे कललेला.
मागे मी सवयीने घातलं: खाद्य वनस्पती तेल.
सहा पॉइंट. पांढऱ्यावर करडं.
"बरं दिसतं," म्हणाली, आणि प्रूफ घेऊन गेली.

आठवड्याने परत आली.
प्रूफावर चहाचा डाग, आणि पेन्सिलीचा एक गोल.
"बाबांनी केलाय," जरा रागानेच.

तिचा बाप सोयरू, पाडेली.
चाळीस वर्षं गावचे माड चढला.
आता गुडघे गेले; ओसरीवर बसून
हाताला लागेल ते भिंगातून वाचतो:
गोळ्यांची पट्टी, वीजबिल, लेकीचं प्रूफ.
माड त्याला अजून तोंडपाठ.
लोबोंचा विहिरीवरचा, मुंग्यांचा.
कामतांचा, वीज पडूनही दोन वर्षं धरत राहिलेला.
त्याने गोलावर बोट ठेवून विचारलं होतं,
"हें तेल खंयच्या माडाचें?"

"माडाचं नव्हे, बाबा. पामचं."
"म्हळ्यार?"
म्हणजे काय, ते तिला नीट सांगता येईना.
माडाचाच कुणी लांबचा नातलग.
लालभडक फळांचे घड, दुसरा देश,
जहाज, मग टँकर, मग म्हापशाचा घाऊकवाला.
खोबरेल घातलं तर पाकीट नव्वदला जातं,
आणि नव्वदला पर्यटकसुद्धा खाली ठेवतात.
सोयरूने मान हलवली. भाव त्याला कळतो.
माडामागे एक नारळ, अशा मजुरीवर घर बांधलंय त्याने.
"घाल मगे," म्हणाला. "पूण नांव बरय."
मग पाकीट उलटवून
समोरच्या माडाकडे बराच वेळ बघत राहिला.
"आनी हाका हांगा कित्याक उबो केला?"

माड तिने ठेवला.
खोबरं आहेच आत, अकरा टक्के,
ते मी टक्क्यासकट छापलं.
आणि लिहिलं: पाम तेल.
आठ पॉइंट, काळ्यात.
गंमत म्हणजे जागा कमीच लागली.
ओळीच्या शेवटी उरलेल्या पांढऱ्याचं काय करावं
मला कळेना. तसंच सोडलं.

संध्याकाळी फरसाणवाला आला, पेनड्राइव्ह टेबलावर टाकून म्हणाला,
"पुढचं ह्यात आहे. मागचं नेहमीसारखं."
मी विचारलं, "तेल खंयच्या माडाचें?"
त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.
डिचोलीची शेवटची बस गाठायची होती त्याला.