भरलेलं वजा रिकामं

वडकीच्या फाट्यापासून जरा आत
जिनिंगच्या दारातला धर्मकाटा,
रात्रपाळी माझी.
काचेच्या खोलीत एक प्रिंटर, लाल आकड्यांचा डबा,
खिडकीच्या फटीत कोंबलेली रुई
आणि पावतीपुस्तकाखाली एम.ए.चं टिपण :
तात्त्विक मानवशास्त्र, पेपर तिसरा.
प्रश्न पहिला, गुण वीस.
माणूस म्हणजे काय?

पेनाचं टोपण काढतो
तेवढ्यात हॉर्न.

गाडी काट्यावर चढते, ड्रायव्हर खाली उतरतो.
उतरावंच लागतं.
इथे कापूस मोजायचा असतो.
थंडीत तो बाजूला उभा राहून बिडी ओढतो,
आणि गाडी त्याच्याशिवाय
अकरा हजार चारशे वीस भरते.
मग ती रिकामी होऊन येते. पुन्हा उतर, पुन्हा बिडी.
भरलेलं वजा रिकामं.
सही इथे.

टिपणात म्हटलंय, माणूस हा अपुरा प्राणी.
खूर नाहीत, नख्या नाहीत, अंगावर लोकर नाही.
वासरू तासाभरात लटपटत उभं राहतं,
याला वर्ष लागतं,
आणि उभं राहिल्यावरही कळत नाही जायचं कुठे.
म्हणून तो घर बांधतो, देव मांडतो,
काटे बसवतो.

देवाजी उईके, हमाल, सरकीच्या पोत्यावर टेकलेला,
विचारतो, "काय वाचतं बे एवढं रातभर?"
मी वाचून दाखवतो. खूर नाहीत, इथवर येतो
तर तो तळवा उलटा करून दिव्याखाली धरतो.
"मंग हे काय हाये?"

मला उत्तर सुचत नाही.
विषय बदलावा म्हणून सांगतो,
किंमत वेगळी, मूल्य वेगळं.
तो विचारतो, "रुईचं का सरकीचं?"
चेष्टा नव्हती त्यात. त्याला खरंच हवं होतं.

दोनच्या सुमाराला पाळी सुटली.
पंचफुला आली, कापसातला कचरा वेचणारी,
केसांत रुई, कडेवर तीन महिन्यांचं पोर.
सरळ काट्याच्या मधोमध उभी राहिली,
जिथे ट्रकची चाकं थांबतात तिथे.
"माह्यं वजन करून पाय न."

डब्यात लाल चाळीस.
पोर तिनं देवाजीच्या हातात दिलं.
चाळीस.
पुन्हा घेतलं.
चाळीस.
"म्हंजे हे पोट्टं लागतच नाई का?"

मी समजावलं : हा काटा दहा-दहानंच पुढे सरकतो,
मधलं त्याला दिसत नाही,
मोठ्या मालासाठी केलेला आहे.
ती हसली. खोकलीही, रुईचा खोकला.
"आंधळा हाये मंग. माही पाठ बरोबर सांगते,
संध्याकायी केवढं असते अन् आता केवढं झालं ते."

जाताना पावती मागितली.
प्रिंटर तिच्यासाठीही तेवढाच करकरला.
गाडी क्रमांक, कोरा.
भरलेलं, चाळीस.
रिकामं, चाळीस.
माल, शून्य.
तिला वाचता येत नाही, की येतं, मी विचारलं नाही.
तिनं ती घडी करून पोराच्या टोपऱ्यात खोचली,
कानाला वारा लागू नये म्हणून.

अमरावतीला परीक्षा बावीस तारखेला.
प्रश्न पहिला अजून कोरा आहे.
म्हणजे अगदी कोरा नाही.
पहाटे देवाजीला म्हटलं, हात ठेव जरा कागदावर.
"कायले?"
तरी ठेवला.
मी भोवतीनं पेन्सिल फिरवली.
समासात मावेल असं वाटलं होतं,
पण अंगठा उत्तराच्या जागेत आला
आणि बोटं
थेट प्रश्न दुसऱ्यावर गेली.