इथलंच, नवीन

शेफील्डच्या चढावर, जिथे ट्राम दम खाते
आणि मग वळते,
तिथे तळघरात स्टॅनिफोर्थचं दुकान.
सहा पायऱ्या धड, सातवी तुटकी.
माहितगारच न पडता उतरतो.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.
काउंटरवर कोरलेला भोपळा,
त्याचे दात स्टॅनिफोर्थच्या दातांसारखे, एकाआड एक.
मी फार्मसीतली रात्रपाळी संपवून आलेली,
बाह्यांना खोकल्याच्या औषधाचा वास.
कोपऱ्यात सफरचंदांचं रिकामं खोकं,
त्यावर मार्करनं लिहिलेलं: इथलंच, नवीन.

तीन वर्षं मी त्या खोक्याला वळसा घालत आले.
वाटायचं, इथलंच म्हणजे त्यांचं.
यंदा हात घातला. का, ते सांगता येत नाही.
ट्राम अकरा मिनिटं लांब होती, एवढंच.

हाताला लागली एक तबकडी,
वर कुणाच्या तरी मावशीच्या फ्रिजचा फोटो.
मग एक कॅसेट,
कापडी पिशवीत घालून चारी बाजूंनी शिवलेली.
ऐकायची तर उसवावी लागेल.
"चार पौंड," स्टॅनिफोर्थ म्हणाला.
"ड्रमवर बेथनी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तीच.
गाणारी इल्हाम, बस चालवते."

दोघींना मी ओळखत होते.
एकीनं अंधारात माझ्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत
विचारलं होतं, पहिलं बरं की दुसरं?
दुसरी रोज सकाळी
माझ्या गुड मॉर्निंगला नुसती मान हलवते.
त्या मानेत एवढा आवाज असेल
असं कोण म्हणेल?

घरी नेलकटरनं टाके तोडले.
आधी नुसती खरखर,
कुणीतरी खुर्ची सरकवली, शिंकलं,
आणि मग
खट्टाक्. खट्टाक्. खट्टाक्.
बंद पडलेल्या कानशींच्या कारखान्यात
त्यांनी जुना हातोडा पुन्हा चालवलेला.
मी चहाचा कप खाली ठेवला.
इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे
तात्यांचे चार माग होते.
आवाजानं आम्ही कधी उठलो नाही.
रात्री वीज गेली, माग थांबले,
की घरभर सगळे टक्क जागे.

एवढ्यात बेल.
दारात तीन भुतं, हातात पिशव्या.
एकाच्या चादरीवर गुलाबाची फुलं,
आईनं पांढरी दिली नसणार.
आपण आपल्यांना वर्षातून एकदा
पान वाढून, कावळ्याची मिनतवारी करून बोलावतो;
हे आपणहून येतात, पायमोजे घालून.
चिक्कीचा डबा पुढे केला
तर गुलाबी भूत मागे सरलं:
"यात शेंगदाणे आहेत का?"
मेल्यावरही ॲलर्जी सुटत नाही म्हणायची.
बिस्किटं दिली.

दुसरी बाजू लावली.
तिसऱ्या गाण्यात इल्हाम मधेच गप्प होते,
हातोडाही थांबतो,
आणि त्या पोकळीत, लांबून,
ट्राम वळते.
आमच्या वळणावरची. ती किंचाळी मी झोपेतही ओळखेन.
झोपेतच असेन कदाचित,
त्या ट्राममध्ये, काचेला डोकं टेकून,
तोंड थोडं उघडं,
आणि माझी ती झोप
चार पौंडांना विकायला ठेवलेली.

मी ते तेवढंच पुन्हा ऐकलं.
मग पुन्हा.
खाली गल्लीत भुतं
कुणाच्या वाट्याला काय आलं यावरून भांडत होती.

मध्यरात्री पिशवी परत शिवली.
काळा दोरा नव्हता, लाल घेतला,
टाके वाकडे आले.
गुरुवारी चष्म्याचा नंबर तपासायचा आहे.
बेथनी भिंग बदलेल,
विचारेल, पहिलं बरं की दुसरं?
मी ठरवून ठेवलंय,
हनुवटी त्या थंड पट्टीवर टेकवूनच सांगायचं:
दुसरं.
दुसऱ्या बाजूचं तिसरं.