गाळलेलं पान

पिनार देल रिओच्या सिगार कारखान्यात
माझं काम वाचायचं.
उंच खुर्ची, मायक्रोफोन, पाण्याचा पेला.
सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी;
समोर ऐंशी माणसं तंबाखूची पानं वळत बसलेली,
मान खाली, कान माझ्याकडे.

पदवी होती माझ्याकडे. भिंतीवर नव्हे, आवाजात.

त्या मंगळवारी मी एक पान गाळलं.
जहाजाचं वर्णन होतं,
डोलकाठी, शीड आणि दोरांची वीसेक नावं,
निम्म्यांचे उच्चारसुद्धा येत नव्हते.
म्हटलं, कुणाला कळतंय,
आणि दोन पानं एकदम उलटली.

तिसऱ्या रांगेतल्या एउदोसियाची सुरी थांबली.
"किल्ली विधवेच्या हातात होती," ती म्हणाली,
"आता खलाशाकडे कशी?"

ऐंशी सुऱ्या थांबल्या.
मी पेला तोंडाला लावला. रिकामा होता,
तरी प्यालो.

"मला ते शब्द येत नाहीत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
"मग अडखळत वाच," एउदोसिया म्हणाली,
"आमचंही पहिलं पान फाटलंच होतं."

वाचलं. अडखळलो.
बेलार्मिनो, पूर्वी बंदरावर हमाल होता,
मागच्या बाकावरून एकेका दोराचं काम सांगत गेला:
हा शीड ताणतो,
हा सैल सोडतो,
हा तुटला तर खाली उभा असलेला मरतो.
किल्ली त्याच दोराला बांधलेली होती.
पान संपलं तशा सुऱ्या फळीवर वाजल्या,
इथल्या टाळ्या त्याच.
बेलार्मिनोसाठी होत्या.

पुढं जनगणनेचा कागद आला
तेव्हा एउदोसिया माझ्या घरी आली.
चष्मा विसरले, म्हणाली.
तिच्याकडे चष्मा कधीच नव्हता.
नाव, वय, खोल्या, कोंबड्या भराभर लिहिल्या.
'शिक्षण'शी पेन रेंगाळलं.
बेचाळीस वर्षं ऐकलेल्या कादंबऱ्या,
दूरदूरच्या लढाया, भाव, वादळं, मयतांच्या याद्या,
आणि कुठं काय राहिलं याचा चोख हिशेब.
'बहुश्रुत' असं लिहावंसं वाटलं,
पण रकाना बोटभर.
लिहिलं: इयत्ता दुसरी.

"वाच," ती म्हणाली.
वाचलं.
"एक शब्द गाळलास."
"कोणता?"
"नापास."