उणे पाव

परिपत्रक आलं तेव्हा सिंदेवाहीच्या कॉलेजात लाइट नव्हती.
शेंडे सरांनी ते मोबाइलवरून वाचून दाखवलं,
बॅटरी चार टक्के, म्हणून भराभर:
या वर्षीपासून पेपर कागदावर नाही, पडद्यावर.
या वर्षीपासून चुकलेल्या उत्तराला उणे पाव.
सोडून दिलेल्या प्रश्नाला शून्य.
मग मोबाइल विझला.
पुढचे मुद्दे आम्हाला तीन दिवसांनी कळले.

मी मागच्या वर्षीची. रिपीटर.
गोल काळे करण्याचा माझा वेग
मिनिटाला अकरा होता,
मधल्या बोटावर बॉलपेनचा घट्टा आहे अजून.
आता या बोटाला नवीन काम:
दाबायचं, आणि लगेच सोडायचं.

कॉलेजात कॉम्प्युटर सात, चालू दोन.
त्यातल्या एकाचा माउस फक्त डावीकडे जातो.
करिश्मा मडावी घरी साबणाच्या वडीवर सराव करते,
चुलीपाशी बसून, भिंतीकडे बघत,
टक, टक,
तिचा आजा विचारतो, पोरी, कोनाले बोलवतेस?

लोकचंद ननावरेकडे दोन चिंचोके होते,
एक मोठा, एक बारका,
एका अंगाने फरशीवर घासून पांढरे केलेले.
दोन्ही पांढरे पडले तर अ,
दोन्ही काळे पडले तर ड,
मधल्या भानगडी त्यालाच ठाऊक.
मागच्या सराव पेपरात जीवशास्त्राचे नऊ गुण
त्याच्या चिंचोक्यांनी मिळवले होते.
उणे पाव ऐकून तो दोन दिवस कॉलेजात आला नाही.
तिसऱ्या दिवशी आला तो वही घेऊन:
सोळा तुक्के मारले, चार लागले, चार गुण.
बारा हुकले, तीन गेले.
एक अजून आपला हाय ना बे!
संभाव्यतेचा धडा त्याला
अकरावीपासून कोणी समजावू शकलं नव्हतं.

एप्रिल म्हणजे मोहफुलं.
पहाटे मी आईसोबत टोपली घेऊन जाते,
चालता चालता आवर्त सारणी, ओठांतल्या ओठांत.
त्या दिवशी नाल्यापलीकडे पानं वाजली.
माकड असेल. डुक्कर असेल.
चौथा पर्याय आम्ही दोघींनीही उच्चारला नाही.
आई थांबली.
तिने अंदाज बांधला नाही, पुढेही पाऊल टाकलं नाही,
अर्धी टोपली तशीच घेऊन मागं सरली,
पाठ न दाखवता, मला कोपराने ढकलत.
गावाच्या बोअरिंगपाशी आल्यावर मी विचारलं,
काय होतं गं?
मले काय मायीत, ती म्हणाली,
आणि फुलं पसरायला लागली.

मी तिला उणे पाव सांगितलं.
पावच? ती म्हणाली.

शनिवारी सराव परीक्षा झाली.
दोनच मशीन, म्हणून पाळ्या लावल्या;
माझी पाळी दुपारी तीनला, पंखा बंद.
कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळतं,
कागदावर असं कधी दिसलं नव्हतं,
आपला वेळ आपल्या डोळ्यांदेखत बारीक होताना.
एक्केचाळिसावा प्रश्न. दोन पर्याय मी खोडले.
उरलेले दोन सारखेच खरे वाटत होते,
पानं वाजावीत तसे.
बाण त्यांच्यामध्ये थरथरत राहिला,
का माझा हात, कोण जाणे.
मग मी माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला.
असे तीन सोडले.

निकाल सरांनी खडूने फळ्यावर लिहिला.
माझ्या नावापुढे तीनवर बोट ठेवून म्हणाले,
हे कोरे? भ्याली का?
नाही सर, येत नव्हते.
बारा वर्षं शाळा-कॉलेजात काढली,
हे वाक्य उभं राहून म्हटल्याचं आठवत नाही.

सर गप्प.
मग फळ्याच्या अगदी खाली, पुसायच्या कडेला,
त्यांनी बारीक अक्षरात आणखी एक नाव लिहिलं:
शेंडे. कोरे, पाच.
रात्री कुलूप लावायच्या आधी
त्यांनीही पेपर दिला होता.
मागच्या बाकावर लोकचंद
खिशातले चिंचोके वाजवायचा थांबला.